सव्वादोनचं माप

यंत्राचं कडं दर खेपेला एका मापानं लहान होत होतं. सकाळी कालिंदीला पहिल्यांदा आत सरकवलं तेव्हा ते बांगडीच्या मापात अडीचचं होतं. चहा पिऊन दुसऱ्यांदा आली तेव्हा दोन-सहाचं. आता तिसऱ्या खेपेला तिनं दारातूनच पाहिलं आणि ओळखलं, सव्वादोन. चाळीस वर्षं नुसता हात बघून बांगडी काढून देणारी कासारीण ती. तिचा डोळा मापाला चुकत नव्हता.

"वैजू, लहान झालंय गं ते अजून."

वैजयंता तिची सून. बाहेरच्या बाकावर सासूच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. "आत्या, लोखंडाचं यंत्र लहान कसं होईल? डोळे मिटून पडा गप."

"डोळे मिटले की माप बदलतं होय?"

"दुकानात तुम्हीच सांगता की बायकांना. तिकडं बघ म्हणून."

कालिंदी सांगत होती खरं.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं निजली होती. आधी करंगळी निजली, मग शेजारचं बोट, मग मधलं. मानेत शीर दबलीय, डॉक्टर म्हणाले. यंत्रातला फोटो स्वच्छ आला तर मंगळवारी ऑपरेशन. नाही आला तर आंधळ्यासारखी मानेत सुरी घालणार नाही मी, आणि उरलेली बोटंही मग एकेक करून जातील. वीस मिनिटं निपचित पडायचं, एवढंच काम. सकाळपासून दोनदा तिला ते जमलं नव्हतं. दोन्ही वेळा छत नाकापाशी आलं, छातीत पाखरू फडफडलं आणि हातात दिलेला रबरी फुगा तिनं दाबला. भीती वाटली तर दाबायचा फुगा तो. दाबला की बाहेर काढत. फोटो हलायचा.

बोटं निजलीत हे तिला कळलं ते वैशाखात, ऋतुजाच्या चुड्याच्या दिवशी. लग्नघरात पाटावर बसून ती नवरीला हिरवा चुडा भरत होती. साबणाच्या पाण्यानं हात ओला केला, अंगठा तळव्यात मिटवला, बांगडी सांध्यापाशी आणली. कासारणीची खरी विद्या त्या सांध्यावर असते. काच किती ताणली जातेय ते बोटाच्या टोकाला कळावं लागतं, आणि अगदी दुखायच्या क्षणी म्हणावं लागतं, "घे गं नाव." पोरगी उखाणा घ्यायला तोंड उघडते, हात ढिला पडतो, बांगडी मनगटावर. त्या दिवशी बोटानं निरोपच दिला नाही. काच फुटली. रक्त हळदीत उतरलं. नवरीची आई "राहू दे, मावशी" म्हणाली, पण म्हणताना भिंतीकडं बघत होती. तेव्हापासून कालिंदीला एकाही लग्नघराचं बोलावणं आलं नव्हतं.

ती आत गेली तर यंत्रापाशी पांढरा कोट घालून ऋतुजाच उभी होती. मनगटावर चुड्याच्या दिवशीचा व्रण, व्रणाच्या वर हिरव्या बांगड्या.

"अंगावर काही धातू?" ऋतुजानं विचारलं.

"काही नाही."

"काच?"

"बारा वर्षं झाली काच उतरवून. ते गेले तेव्हाच."

"बरं. झोपा."

कालिंदी फळीवर झोपली. ऋतुजानं बादलीतून साबणाचं पाणी घेतलं आणि तिचे खांदे ओले केले, मग दंड, मग मान. पाणी कोमट होतं. कित्येक दिवसांत कुणी तिला हात लावला नव्हता, म्हणून तिला ते बरं वाटलं.

"सव्वादोनात मी बसायची नाही, बाई. माझं अंग अडीचचं."

"तुमच्याकडं येणारी प्रत्येक बाई हेच म्हणायची की. मूठ करू नका."

निजलेल्या बोटांत ऋतुजानं फुगा ठेवला. "हा आता दाबायचा नाही, मावशी. दाबला की माझ्या हातातली एक जाते. सकाळपासून दोन गेल्यात."

कालिंदीनं मान वळवून पाहिलं. ऋतुजाच्या मनगटावर चारच बांगड्या उरल्या होत्या. फरशीवर हिरवे तुकडे कुणीतरी केरसुणीनं कोपऱ्यात लोटून ठेवले होते.

"सासूबाई रोज मोजतात," ऋतुजा म्हणाली.

"पण दाबतेय का नाही, मला कळत नाही गं. बोटं निजलीत माझी."

"मग हात ढिला सोडा."

फळी सरकली. आतली भिंत हिरवी होती, उन्हात धरलेल्या काचेसारखी. नाकाला गार लागली. मग ठोके सुरू झाले, तांबट आळीत भरदुपारी पडतात तसे, आधी एका हातोड्याचे, मग सगळ्या घरांचे. कालिंदीचे पाय लांब जाऊ लागले. फळी लांबत होती आणि पाय फळीबरोबर चालले होते. पलीकडून वैजूचा आवाज आला, "आत्या, झालं का?" मग तोच आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. मग नुसतंच 'आत्या' आलं, बाकीचं वाटेत राहिलं.

छातीतलं पाखरू उठलं. या पाखराला ती ओळखत होती आता. त्याला हाकलून ते जात नव्हतं. ती त्याला म्हणाली, बस बाबा, तूही दमलास, मीही दमले. पाखरू बसलं, पण पंख उघडेच ठेवून.

डोकं पलीकडं निघालं. कडं खांद्यांवर आलं आणि अडलं. तेव्हा कालिंदीला कळलं की आपलं डोकं म्हणजे अंगठा आणि खांदे म्हणजे तो सांधा. काच ताणली जात होती. बारीक करकर ऐकू येत होती. हजारो बायकांनी ही करकर ऐकली होती तिच्या हाताखाली, आणि ती त्यांना म्हणाली होती, काही होत नाही गं.

"काही होत नाही," ऋतुजा म्हणाली. "घ्या नाव."

"मला नाव घ्यायला सांगत नसतात, बाई. पांढऱ्या कपाळाची मी."

"सांगतेय मी. घ्या."

बारा वर्षांत ते नाव तिनं उखाण्यात गुंफलं नव्हतं. उखाणा मात्र रोज म्हटला होता. लाजऱ्या नवऱ्या अडल्या की तीच सांगायची, हा घे माझा, मधे आपल्या माणसाचं नाव घाल. तिचा उखाणा गावभर दुसऱ्यांच्या नावांनी फिरत होता. आता तो परत आला, जुन्या लुगड्यासारखा मऊ होऊन.

"पेटीत पेटी, पेटीत पेटी, आत हिरवी काच," ती म्हणाली. ठोके थांबून ऐकू लागले. "मुरलीधररावांचं नाव घेते, होत नाही जाच."

अंग ढिलं पडलं. कडं खांद्यांवरून उतरलं आणि कमरेशी जाऊन बसलं. फुटलं नाही. कुठंतरी खूप लांब, तिच्या स्वतःच्या हाताच्या टोकाला, करंगळीला गार लागलं.

"जागी झाली," कालिंदी म्हणाली. तिचे डोळे भरले, पण पुसायला हात वर येण्याइतकी जागा नव्हती. "ऋतुजा, फोटो आला?"

"आला. करंगळीचा."

"नुसत्या करंगळीचा?"

"एका बांगडीवर हात सोडतात का कधी, मावशी?"

कालिंदीनं समोर पाहिलं. पुढं रांगेनं कडी उभी होती, हिरवी, एकापुढं एक, पेटीत मांडून ठेवावीत तशी. प्रत्येक आधीच्याहून एका मापानं लहान. अगदी शेवटच्या कड्यातून बाहेरचा बाक दिसत होता, आणि बाकावर तांदळाच्या दाण्याएवढी वैजू, मांडीवर चपला घेऊन.

"दमले गं मी."

"माहितेय." ऋतुजानं पुन्हा हात बादलीत बुडवला आणि तिचे खांदे ओले केले. पाणी आता गार झालं होतं. "अंगठा आत घ्या."

कालिंदीनं मान छातीत मिटली. फळी सरकली. पुढचं कडं खांद्यांना लागलं आणि करकरलं. "पेटीत पेटी," तिनं सुरुवात केली, आणि तेवढ्यात जाग्या झालेल्या करंगळीनं तीन महिन्यांनी पहिला निरोप धाडला, की फुगा धरलेली मूठ अर्धी मिटलेली आहे, आणि अजून मिटतेच आहे.