ज्याचे बूट, त्याने

ओझेल टेटमला तो वास दारातूनच आला. नात शाळेतून आली, दप्तर भिरकावलं आणि रोजच्यासारखी त्याच्या पोटाला येऊन बिलगली, तर तिच्या हातांना बुटाच्या पॉलिशचा वास. एकाहत्तर वर्षांचं त्याचं नाक एरवी अर्धं निकामी झालेलं. चुलीवर काही लागलं तर शेजारीण कुंपणावरून ओरडून सांगायची. पण हा वास त्याने झोपेतही ओळखला असता.

"हात दाखव, शेंगे."

तिचं नाव ओनी. ओझेलच्या तोंडात ते नाव काही नीट बसलं नाही, म्हणून जन्मल्यापासून तो तिला शेंग म्हणायचा. पाच वर्षांच्या शेंगेने दोन्ही हात पुढे केले. नखांत काळं होतं.

"हे कुठून आलं?"

"माझ्या कामातून. आज मी बूट पॉलिश केले, पॉपॉ. शाळेतल्या ममा व्हर्लिननं एकदाच दाखवलं, आता मला येतं."

केवढा तोरा होता त्या सांगण्यात. ओझेलने तिला हात धुवायला पिटाळलं. ओव्हनमधला कॉर्नब्रेड बाहेर काढायचा तो विसरूनच गेला, आणि शेजारणीने कुंपणावरून हाक मारली.

त्याचा संताप समजायला त्याची तीस वर्षं माहीत हवीत. अकराव्या वर्षी तो मेम्फिसमधल्या नदीकाठच्या एका बड्या हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानातल्या बूट-पॉलिशच्या पेटीमागे बसला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी उठला. शहरातले सगळे न्यायाधीश, कापसाचे व्यापारी, डॉक्टर त्याला बुटांवरून ठाऊक होते. तोंडं बघायची वेळच येत नसे. गिऱ्हाईक पाय पेटीवर ठेवायचं आणि बुटाच्या टोकाने दोनदा टकटक करायचं. म्हणजे, चल, लाग कामाला. अकराव्या वर्षी त्याला 'ए पोरा' म्हणायचे. चाळिसाव्या वर्षी, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी असतानाही, 'ए पोरा'च म्हणायचे. हॉटेल बंद पडलं त्या दिवशी ओझेल पेटी घेऊन पुलावर गेला आणि त्याने ती मिसिसिपीत टाकली. पुढे त्याने शाळेची बस चालवली, सन्मानाने निवृत्त झाला. पण त्या दिवसापासून त्याने पायात फक्त कॅनव्हासचे बूट घातले. रविवारी चर्चलाही तेच. कॅनव्हासला पॉलिश लागत नाही. एकदाच, बायकोला, एर्नस्टीनला, माती द्यायच्या दिवशी त्याने चामड्याचे तपकिरी जोडे घातले, आणि घरी येऊन खोक्यात ठेवून दिले.

आपल्या घरातलं कुणी पुन्हा बुटाला हात लावणार नाही, असं त्याने त्या पुलावर स्वतःला सांगितलं होतं. आणि आता ही नखं.

मुलगी रोशेल पार्सलच्या गोदामात रात्रपाळीला जायची. ती दुपारची उठून केस बांधत होती तेव्हाच त्याने तिला गाठलं.

"पोरीला शाळेत घातलंस की पेटीवर बसवलंस?"

"डॅडी, तुम्ही ते बघितलंसुद्धा नाही."

"बघायचं काय राहिलंय? तीस वर्षं दुसरं काही बघितलं नाही मी."

रोशेलने कंगवा खाली ठेवला. "आधीच्या बालवाडीत असताना ती काय विचारायची, आठवतंय? माझे केस सरळ कधी होणार? स्वतःचं चित्र काढायची तर पिवळे केस. गुलाबी तोंड. तुम्हीच ते फ्रिजवरून काढून फाडलं होतंत."

ते खरं होतं.

"आणि आता सकाळी आरशासमोरून हलत नाही. गाणं म्हणत स्वतःच्या वेण्या मोजते. या शाळेत जागा मिळावी म्हणून दोन वर्षं थांबले मी, डॅडी."

"आरसा घरीही आहे. बूट घासायला शिकवणाऱ्या शाळेत माझी नात जाणार नाही."

रोशेल बापाचीच लेक. तिने आवाज चढवला नाही. "गुरुवारी घरच्यांना वर्गात बसू देतात. एक सकाळ जा. तोंड मिटून बसा. परत येऊन 'काढ' म्हणालात, तर काढते. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत जागा आहे."

"शब्द?"

"शब्द."

तो जिंकल्यासारखाच होता. ओनीला गुरुवारनंतर काय सांगायचं, याचीही त्याने मनात जुळवाजुळव सुरू केली.

ऑरेंज माउंड या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या माउंट नेबो चर्चच्या तळमजल्यावर ही शाळा भरायची. ओझेल लहानपणी रविवारच्या वर्गाला याच खोलीत बसून पेंगला होता. इथल्या शिक्षकांना मुलं ममा आणि बाबा म्हणायची. मुख्य शिक्षिका ममा व्हर्लिन म्हणजे याच चर्चचं काम बघणाऱ्या डीकन क्रेनशॉची धाकटी मुलगी. लहानपणी हिने ओझेलच्या बसची काच दगडाने फोडली होती आणि आठवडाभर तोंड चुकवलं होतं. आता केसांना रंगीत कापड गुंडाळून ती दारात उभी होती.

"या, मिस्टर ओझेल. इथे बसा. एकच विनंती आहे. काम करणाऱ्या मुलाला मध्ये टोकायचं नाही. मीसुद्धा टोकत नाही."

"काच फोडणाऱ्यांनी मला शिस्त शिकवायची म्हणजे कमाल झाली."

"ती काचेची गोष्ट अजून काढताय का तुम्ही?" ती हसली आणि त्याला एक वीतभर उंचीची खुर्ची दिली. ओझेल बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीला लागले.

त्याची अपेक्षा गोंगाटाची होती. बावीस पोरं आणि वर्गात नुसती कुजबुज. ज्याने त्याने आपापली चटई पसरलेली, आणि दुसऱ्याच्या चटईवर कुणी पाय ठेवत नव्हतं, वळसा घालून जात होतं. एक मुलगी आफ्रिकेच्या लाकडी नकाशातले देश उचलून जागच्या जागी बसवत होती. एकीसमोर काळ्या लोकरीच्या केसांची बाहुली होती आणि ती तिला डोक्याला चिकटलेल्या बारीक वेण्या घालत होती. भांग एर्नस्टीनलाही पसंत पडला असता असा. त्याच्या पायाशी एक चिमुरडी तपकिरी रंगाच्या सात पाट्या गडदपासून फिक्यापर्यंत लावत बसली होती. तिने त्यातली एक उचलली, न विचारता त्याच्या हाताशेजारी धरली आणि मान तिरपी करून बघितलं.

"तुम्ही काकवी," ती म्हणाली. "मी जायफळ." आणि पाटी जागेवर ठेवून दिली.

काळा, मळका, कोळसा, आणखी लिहिण्यासारखे नाहीत असे शब्द ओझेलने आपल्या कातडीसाठी आयुष्यभर ऐकले होते. काकवी कुणी म्हणालं नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

तेवढ्यात ओनी मांडणीतून तबक घेऊन आली. तबकात पॉलिशची डबी, घोड्याच्या केसांचा ब्रश, फडकं. तिने चटई उलगडली, छोटा अॅप्रन बांधला, आपल्या पायातले बूट काढले आणि एक मांडीवर घेतला. तिने पॉलिश लावलं आणि ते वाळायच्या आत ब्रश मारायला घेतला. सगळं फराटलं. ओझेल अर्धवट उठलाच होता; खोलीच्या दुसऱ्या टोकाहून व्हर्लिनने नुसतं बघितलं. तो उठला तो तसाच बाहेर व्हरांड्यात गेला. व्हर्लिन मागोमाग आली.

"हे हिला करावं लागू नये म्हणून मी तीस वर्षं केलं, व्हर्लिन."

"ठाऊक आहे. माझे वडील तुमच्याविषयी सांगायचे. म्हणायचे, ओझेलनं पॉलिश केलेल्या बुटात दाढी करता येते."

"मग लाज नाही वाटत?"

"मिस्टर ओझेल, एक विचारू? तीस वर्षांत स्वतःचे बूट कितीदा केलेत?"

ओझेलने आपल्या पायातल्या कॅनव्हासकडे बघितलं. उत्तर एका आकड्याचं होतं आणि तो आकडा शून्य होता.

ते आत आले तेव्हा वर्गात आणखी एक पाहुणा आला होता. शाळांना परवानगी देणाऱ्या मंडळाचे मिस्टर हॉलोवे, गोरे, उंच, स्वभावाने मोकळे. या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात एकेक सकाळ बसून त्यांना आपला अहवाल लिहायचा होता. ओझेलने सवयीने आधी बूट बघितले. चांगलं कातडं, कोपऱ्यांत धूळ. हॉलोवे ओनीच्या चटईशी थांबले. तिने फराटलेलं पॉलिश पुसून पुन्हा लावलं होतं आणि आता हात मांडीवर ठेवून ते वाळायची वाट बघत होती. एवढी गोष्ट शिकायला ओझेलला न्हाव्याच्या दोन थपडा खाव्या लागल्या होत्या.

"वा," हॉलोवे कौतुकाने म्हणाले. "मग माझेही करून देणार ना?" आणि हसत हसत त्यांनी एक पाय पुढे केला आणि बुटाच्या टोकाने फरशीवर दोनदा टकटक केलं.

माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनातही काही नव्हतं. पण ओझेलच्या पाठीचा कणा त्या आवाजाने ताठ झाला आणि त्याचा उजवा हात आपोआप फडकं धरल्यासारखा वळला. तीस वर्षांची सवय. त्याने डोळे मिटून घेतले. ही पोर आता 'हो सर' म्हणणार, त्याने मनात म्हटलं, आणि मी हिला उचलून घरी नेणार.

"नाही," ओनी म्हणाली.

आवाजात उद्धटपणा नव्हता. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. "हे माझे बूट आहेत. ज्याचे बूट, त्यानं करायचे. माझं काम झालं की मी तबक मांडणीवर ठेवीन, मग तुम्ही घ्या. तुम्हाला येत नसेल तर मी दाखवीन." मग जरा थांबून, "आणि तुमचा पाय माझ्या चटईवर आहे."

हॉलोवेंनी खाली बघितलं आणि पाय काढून घेतला. त्यांनी व्हर्लिनकडे बघितलं. मुलीचं काम चालू होतं. काम चालू असताना इथे कुणी टोकत नाही, मग तो मंडळाचा साहेब का असेना. मिस्टर हॉलोवे सव्वादहापासून साडेदहापर्यंत भिंतीशी उभे राहिले. मग ओनीने तबक जागेवर नेऊन ठेवलं आणि मान हलवली, आणि हॉलोवे तबक घेऊन आले. अॅप्रन त्यांना गळपट्ट्याएवढाच झाला. मेम्फिसमधला एक गोरा साहेब मोज्यांवर फरशीवर बसून आपला बूट घासतोय आणि ओझेलची नात शेजारी बसून त्याला सांगतेय, "आता थांबायचं. वाळू द्या. घाई नाही करायची."

ओझेल उठून पुन्हा व्हरांड्यात गेला. या वेळी त्याला डोळे पुसायचे होते. त्याला अभिमान वाटत होता, इतका की छातीत मावेना, आणि हे ऐकायला एर्नस्टीन हवी होती.

संध्याकाळी रोशेल डबा भरत होती. पाठ ताठ करून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"पुढच्या गुरुवारीपण बसू देतात का?" ओझेलने विचारलं.

"म्हणजे काढायचं नाही?"

"मी काय विचारलं तेवढं सांग."

पुढच्या गुरुवारी तो बगलेत खोकं घेऊन गेला. ओनीने खोकं उघडून बघितलं. आत चामड्याचे तपकिरी जोडे होते, धूळ खाल्लेले.

"हे कुणाचे?"

"माझे."

"मग तू कर," ती म्हणाली, आणि चटई कशी उलगडायची ते तिने त्याला दोनदा दाखवलं. त्याने तिसऱ्यांदाही विचारलं, कारण तिला दाखवायला आवडत होतं. मग तो फरशीवर बसला. गुडघे कुरकुरले. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या पायाशी बसला होता. आज समोर कुणाचाच पाय नव्हता. बूट त्याने मांडीवर घेतला. फडकं दोन बोटांना गुंडाळलं, आणि बोटांना सगळं आठवलं. गिऱ्हाइकांसाठी तो फडकं ताणून फाटकन वाजवायचा. त्यावर टिप मिळायची. आज त्याने ते वाजवलं नाही. गोल, बारीक, सावकाश, टाचेच्या शिवणीपर्यंत. आजूबाजूच्या तीन-चार पोरांनी आपलं काम थांबवून बघायला सुरुवात केली, आणि ओनीने त्यांना हळूच सांगितलं, "हा माझा पॉपॉ. याला टोकू नका."

एक बूट झाला. त्यात खिडकी दिसत होती.

तेवढ्यात त्याच्या चटईच्या कडेशी दोन पाय येऊन थांबले. ओझेलने मान वर केली नाही; गरज नव्हती. टोकाला चांगली चमक, पण डाव्या टाचेकडे पॉलिश लागलेलंच नव्हतं. स्वतः केलेले होते.

"गुड मॉर्निंग, मिस्टर टेटम," हॉलोवे म्हणाले. "एक मिनिट बोलायचं होतं."

ओझेलने दुसरा बूट मांडीवर घेतला.

"थांबावं लागेल," तो म्हणाला. "माझं काम चाललंय."

हॉलोवेंनी चटईला वळसा घातला, वीतभर उंचीची एक खुर्ची ओढली आणि गुडघे छातीला लावून ते वाट बघत बसले.