बिनबॅटरीचा टायमर

मिल बंद पडल्यावर मोहन दोन वर्षं दाढी वाढवून ओट्यावर बसून होता, तेव्हा सुलोचनेला नवऱ्याची कीव यायची. वसुंधरा मॅडमच्या बंगल्यावर त्याला काम लागलं, तो रोज गुळगुळीत दाढी करायला लागला, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. हसू नका. तुमच्या घरी घडलं असतं म्हणजे कळलं असतं.

काम तसं किरकोळ. मॅडमच्या यजमानांनी सोयाबीन तेलाच्या पैशातून पलासिया चौकाच्या पुढे बंगला बांधला होता आणि मागे पोहायचा तलाव. त्याचं पाणी पंपानं गाळून फिरवत ठेवलं नाही, तर हिरवं पडतं. सकाळी जाऊन पंप चालू करायचा, तासा-दोन तासांनी बंद करायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. यजमान सदा दौऱ्यावर. मॅडम चाळिशीच्या, केस कापलेल्या, आणि स्वतः पोहतात म्हणे. काय घालून पोहतात, हे सुलोचनेनं नवऱ्याला विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र रोज पाहिलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅडमनी बोलावलं, तेव्हा तिनं डाव टाकला.

"मॅडम, आता टायमर निघालेत म्हणतात. पंप आपोआप चालू, आपोआप बंद. यांना रोजरोज चकरा कशाला?"

"अरे, हे तर मला सुचलंच नाही!" मॅडम खूश झाल्या. "मोहनजींनाच सांगते, चांगला बघून आणा. मग हफ्त्यातून एकदा साफसफाईला आले की बस. पगार तोच."

त्या संध्याकाळी सुलोचनेनं शिरा केला.

मोहननं टायमर आणून लावला. घड्याळासारखी तबकडी, कडेनं बारीक खुंट्या; जेवढ्या खुंट्या दाबाव्या तेवढा वेळ पंप चालणार. आता स्वारी घरी बसेल म्हणून ती निर्धास्त झाली. पण आठवडा होतो न होतो तोच हा पुन्हा दाढी करून सायकलवर!

"आता काय झालं?"

"लाइट गेली की टायमर थांबतो. आली की तेवढाच मागे चालतो आणि पंप भलत्याच वेळी सुरू होतो. जाऊन तबकडी पुन्हा वेळेवर आणावी लागते."

आणि लाइट तर त्या दिवसांत रोज जायची, कधी दोनदा, कधी तीनदा. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

शेवटी एका दुपारी तिनं राजवाड्याजवळचं संताजीचं इलेक्ट्रिकचं दुकान गाठलं. "भाऊ, हा असला कसला टायमर दिला?"

"भाभीजी, मी तर मोहन भियाला दोन्ही दाखवले ना," संताजी म्हणाला. "बॅटरीवाला पण होता. लाइट गेली तरी टाइम नाही चुकत त्याचा. बिल तर बंगल्यावरच जाणार होतं. पण भियाच बोलले, नको, बिनबॅटरीचाच दे."

सुलोचनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम! त्या बाईचं तोंड रोज दिसावं म्हणून मुद्दाम घेतला! बंगल्याकडे जाणाऱ्या टेम्पोत बसून तिनं वाटभर शिव्या जुळवल्या. नवऱ्यासाठी मराठी आणि मॅडमसाठी खास माळवी.

बंगल्याला कुलूप होतं.

"मॅडम तो महीनेभर से सिंगापुर में हैं, साहब के साथ," चौकीदार म्हणाला. "मोहनजी पीछे हैं."

महिनाभर! आणि हा एक शब्द बोलला नव्हता. ती मागे गेली. पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मोहन एकटाच स्टुलावर बसला होता, चालत्या पंपावर हात ठेवून, डोळे मिटून. त्याच्या तोंडावर असं सुख तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं तो उठला आणि टायमरपाशी गेला. सकाळपासून लाइट गेलेली नव्हती; तबकडी बरोबर वेळ दाखवत होती. मोहननं इकडेतिकडे पाहिलं, दाराआडची सुलोचना त्याला दिसली नाही, आणि बोटानं ती अर्धा तास पुढे ढकलून दिली.

"अहो!"

तो चोरासारखा दचकला.

"बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या," सुलोचना म्हणाली. "ह्याचं काय उपटू?"

मोहननं मान खाली घातली. "मी आलो नाही तर इथलं पाणी हिरवं पडतं, सुलोचना. घरी माझ्यावाचून काय अडतं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. गॅसची टाकी शेजारचा बंडू आणून देई. बिलं ती स्वतः भरे, बाजारहाट तीच करी. मिल गेल्यावर, त्याला त्रास नको म्हणून, एकेक करत सगळं तिनंच ओढून घेतलं होतं. सांगण्यासारखी एक गोष्ट सापडेना. त्या पंपाचा तिला असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"अडत काही नाही," ती पुटपुटली, "पण मला तुम्ही लागता."

पंपाच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं हात लांब केला आणि केवळ तिचं ऐकण्यासाठी चालता पंप बंद केला.

"काय म्हणालीस?"

एवढ्या शांततेत तेच पुन्हा म्हणायला तिची जीभ रेटेना. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बॅटरीवाला बदलून आणते, म्हटलं."

त्याचा चेहरा पडला. तो पडलेला बघून तिला आधी बरं वाटलं, आणि मग इतकं वाईट वाटलं की ती तिथंच दारात खाली बसली.