आपल्याच बोलीवर बोली

उत्तमरावांनी तीस वर्षं भैरोबाच्या जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव पुकारला. हातात माईक, पिंपळाला टांगलेला कर्णा, आणि आवाज असा की पार प्रवरेच्या पात्रात धुणं धुणाऱ्या बायका मान वर करून ऐकायच्या. पुढं पंचकमिटीत शिकलेली मंडळी आली आणि लिलाव बंद पडला. आता देवाच्या दारात पावती फाडतात. पावतीला कुठं आवाज असतो?

घर बंद करून त्यांना पुण्याला न्यायला मुलगा प्रशांत आला होता. भांडी वाटली, खाटा वाटल्या, उरला कर्णा. प्रशांतनं तो माईक आणि आवाजाच्या मशीनसकट मोबाईलवरच्या लिलावाला लावला. उत्तमरावांनी एवढंच सांगितलं, "चालू हाय, असं लिही."

रविवारी संध्याकाळी सहाला लिलाव संपायचा होता. बोली लावणारे दोघंच. एक हायवेवरचा हॉटेलवाला. त्याला कर्णा उलटा टांगून आत दिवा लावायचा होता. तसं त्यानं हौसेनं कळवलंही होतं आणि ते ऐकून उत्तमरावांना दुपारचं जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्याचं नाव नुसतंच कानिफनाथ. हॉटेलवाला अडीच हजाराला थांबला. कानिफनाथ साडेपंचवीसशेवर गेला. इथवर सगळं रीतीनं झालं.

मग कानिफनाथ सव्वीसशे झाला. थोड्या वेळानं साडेसव्वीसशे.

"आण्णा, हा माणूस स्वतःवरच चढतोय!" प्रशांत वैतागला. "समोर कोणी नाही तरी वाढवतोय. खोटा बोलीदार आहे. सहा वाजले की गायब होईल. मी त्याला काढून टाकतो, कर्णा हॉटेलवाल्याला देऊ."

"काय म्हनलास? आपल्याच बोलीवर?"

उत्तमराव खांबाला टेकून बसले ते थेट जुन्या जत्रेत जाऊन पोचले.

पुकारणाऱ्याचा नेम असा, की प्रत्येक बोलीला बोली लावणाऱ्याचं पुरं नाव कर्ण्यावर घ्यायचं. लंकाबाईचा नवरा विहिरीच्या कामावर दगावला, त्याच्या पुढच्या जत्रेत ती बायकांच्या बाजूनं उभी राहिली. म्हणाली, "आमच्या मालकाच्या नावावर अकरा रुपये." उत्तमरावांनी पुकारलं, "कानिफनाथ गंगाराम, अकरा रुपये!" गडी माणसं गप्प राहिली. विधवेच्या बोलीवर कोण चढणार? तर लंकाबाईच म्हणाली, "एकवीस!"

"लंकाबाई, समोर कुनी न्हाई. नारळ तुमचाच हाय."

"ठावं हाय मला. तुमी पुकारा."

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नव्हतं, आणि तो गेल्यावर घरात दुसरं कुणी ते घेत नव्हतं. वर्षातून एकदा ते साऱ्या गावावरून फिरावं म्हणून ती आपल्याच बोलीवर चढत होती. पैसा देवाला जात होता, हरकत कोण घेणार? कर्जतला नातीकडं राहायला जाईपर्यंत दर जत्रेला ती हेच करत आली.

उत्तमरावांची बायको, चांगुणाबाई, दर जत्रेनंतर ताट वाढताना चिडवायची. "तिचा मालक जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावभर गाजतोय. म्या जिती हाय. माजं नाव एकदा तरी घ्या की."

"पुकारनाऱ्याच्या घरची बोली चालत न्हाई," उत्तमराव म्हणायचे. नेमाचा मोठा पक्का माणूस! चार वर्षांपूर्वी ती गेली. तीस वर्षांत गावातल्या सोम्यागोम्याचं नाव कर्ण्यावर आलं, तेवढं तिचं आलं नाही.

"आण्णा, काढू ना त्याला?"

"हात लावू नगंस!" उत्तमराव ताडकन उठले. "लंकाबाई हाय ती. तिला निरोप धाड. माजा आवाज धाड."

प्रशांतनं मोबाईल पुढं धरला. उत्तमरावांनी घसा खाकरला. "कानिफनाथ गंगाराम, सव्वीसशे पन्नास रुपये! एक वार!" आवाज चिरका निघाला. चार वर्षांत एवढ्या मोठ्यानं ते बोललेच नव्हते.

सहाला दहा कमी असताना उत्तर आलं, म्हाताऱ्या बाईचं. "उत्तमराव, दिशानं, माज्या नातीनं, मोबाईल लावून दिलाय. सकाळधरनं चढवतीय, कुनी पुकारतच न्हाई! मला वाटलं मोबाईलच बिघडला." मग जरा थांबून, "नाव नीट घेतलं. पन कर्ण्यातनं न्हाई घेतलं."

प्रशांतनंच कर्णा ओट्यावर आणला, वायरी जोडल्या. मशीन तापायला वेळ लागला. कर्णा खरखरला आणि उत्तमरावांनी माईक हातात घेतला. प्रशांतनं मोबाईल कर्ण्यासमोर धरला.

"कानिफनाथ गंगाराम, सव्वीसशे पन्नास रुपये! एक वार! दोन वार! तीन वार!"

समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. सहा वाजले, मोबाईलवरची बोली जागच्या जागी थांबली. थोड्या वेळानं लंकाबाईचा निरोप आला. "पोचलं. कर्णा टेम्पोत घालून धाडू नगा. तुमीच घिऊन या."

"जाऊ आपण उद्या," प्रशांत म्हणाला आणि बटण बंद करायला वाकला.

"थांब."

उत्तमरावांनी माईक तोंडाशी धरला. उद्या कर्णा जाणार होता, जे काय करायचं ते आताच.

"चांगुणाबाई उत्तमराव," त्यांनी पुकारलं, "एक रुपया!"

रस्त्यावरची माणसं थबकली. कुणाला काही उमगेना. प्रशांत तिथंच खाली बसला.

"एक वार... दोन वार..."

तिसरा वार त्यांच्या तोंडातून निघेना. तो म्हटला की बोली संपणार. त्यांनी समोर पाहिलं. चढायला कुणीच नव्हतं.

"चांगुणाबाई उत्तमराव," ते पुन्हा ओरडले, "दोन रुपये!"