डिकीतलं गोणपाट

“डिकीत काय आहे?” तकपाने विचारलं.

“जॅक,” लोबझांग म्हणाला.

“नव्या गाडीबरोबर जॅक कंपनी देते. गोणपाटात गुंडाळून देत नाही.”

जावई नुसता हसला आणि त्याने गाडी बतलच्या पुलावर घातली. हसण्यावारी नेणारी माणसं तकपाला कधीच पटली नव्हती. त्यातून हा लाहुलचा, स्पितीच्या खिंडीपलीकडचा. मुलीनेच निवडला म्हणून घरात आला.

तकपाने जन्मभर याच रस्त्यावर बेलदारी केली होती. दरडी उपसल्या, खड्डे बुजवले आणि लोकांच्या गाड्यांची धूळ खाल्ली. आता वाटाण्याच्या पिकावर स्वतःची गाडी झाली होती. काल मंडीच्या शोरूममध्ये पेढा पुढे आला तेव्हा त्याने आधी चारही चाकं निरखली आणि मगच पेढा तोंडात टाकला. स्टेपनीला लोकरीचा धागा बांधला, कुणी बदललीच तर कळावं म्हणून. सीटवरचं प्लास्टिक घरी पोचेपर्यंत काढायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली.

एवढं करूनही आज पहाटे मंडीतल्या सराईत जाग आली तेव्हा गाडी जागेवर नव्हती आणि जावईही नव्हता. उन्हं वर आल्यावर स्वारी परतली. चाकांना चिखल लागला होता आणि किलोमीटरचा आकडा चांगलाच पुढे सरकला होता.

“तेल भरायला गेलो होतो, मेमे.” गावातली पोरं म्हाताऱ्यांना म्हणतात तसं लोबझांगही त्याला मेमे म्हणायचा.

पंप सराईच्या समोरच होता. तकपा मनाशी हिशेब जुळवत राहिला. पहाटे मंडीत भाड्याच्या सवाऱ्या मारल्या असणार, आणि गोणपाटात दारूच्या बाटल्या.

“काच खाली करू का? छान वारा आहे.”

“नको. सारखी खालीवर करून झिजेल.”

“मेमे, काच आहे ती, चप्पल नाही.”

तकपाला हसू आलं नाही. घरी पोचल्यावर किल्ली या माणसाकडे ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. शेजारच्या अंगरूपला चालवायला ठेवीन, असं तो घरी एकदा बोलून गेला होता. तेव्हा मुलीने, देचेनने, हातातलं भांडं आपटलं होतं. “आणायला माझा नवरा आणि चालवायला अंगरूप? मग आम्ही मनालीला जाऊन राहतो, आबा.” थंडी सरता सरता त्याची बायको यांगझोम वारली, तेव्हापासून चुलीपाशी या मुलीचाच काय तो आवाज होता. तोही गेला तर घर खायला उठेल. पण म्हणून चोराच्या हाती किल्ली द्यायची?

याचा निकाल तो कुंझुमवर लावणार होता.

कुंझुमच्या खिंडीत देवीच्या ठाण्याला फेरी घातल्याशिवाय सरकारी बससुद्धा पुढे जात नाही. लोबझांगने ठाणं उजव्या हाताला ठेवून सावकाश फेरी घातली आणि गाडी थांबवली. आत देवीचा दगड आहे. मन साफ असेल तर नाणं त्याला चिकटतं, लपवाछपवी असेल तर घसरतं, हे स्पितीतलं शेंबडं पोरही सांगेल. तकपाने खिशातून दोन नाणी काढली आणि एक जावयापुढे धरलं.

“लाव.”

लोबझांगचा चेहरा उतरला. “आधी चहा घेऊ या का?”

“लाव म्हणतो ना!”

नाणं दगडाला टेकलं आणि सरकन घसरून खाली पडलं. तकपाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला लाजही वाटली नाही.

“किल्ली आण इकडे.”

त्याने डिकी उघडली आणि गोणपाट ओढून सोडलं. आत एक काठी होती. मुठीला निळं फडकं बांधलेली, यांगझोमची काठी. टोकाला चिखल वाळला होता.

“त्सो-पेमाचा चिखल आहे,” लोबझांग मागून म्हणाला. “पहाटे तळ्याला फेरी घातली. आमा चालायची तशी, काठी टेकत. म्हणून उशीर झाला.”

गाडी आली की पहिल्यांदा त्सो-पेमाच्या तळ्याची यात्रा, आणि पुढच्या सीटवर तू. दर हिवाळ्यात चुलीपाशी बसून तकपा यांगझोमला हेच सांगत आला होता. काल मंडीत ते तळं एका डोंगराआड होतं, आणि त्याला साधी आठवणही झाली नव्हती.

“मला का नाही सांगितलंस?”

“आमाने वचन घेतलं होतं. म्हणाली, गाडी आली की माझी काठी तळ्याला फिरवून आण, पण त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर ‘माझ्या हातून राहिलं’ म्हणून झुरत बसेल.” लोबझांगने मघाशी उचलून आणलेलं नाणं पुसलं. “तुमच्यापासून लपवलंच होतं ना, मेमे. घसरणारच ते.”

दुसरं नाणं अजून तकपाच्या मुठीत होतं. ठाण्यातला दगड चार पावलांवर होता. ते लावून पाहायची त्याची छाती झाली नाही. त्याने नाणं खिशात टाकलं.

किल्ली त्याने लोबझांगच्या हातावर ठेवली. “तुझ्याकडेच राहू दे.”

मग पुढचं दार उघडलं. सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी फाडलं, काठी सीटला टेकवून उभी केली आणि तिला पट्टा लावला. स्वतः मागे जाऊन प्लास्टिकवर बसला.

“अजून एक फेरी घे,” तो म्हणाला. “आणि तिच्या बाजूची काच खाली कर.”