हातभर अंतर

अण्णा सायकलवरून उतरेचनात.

बाकीचे चार ड्रायव्हर केव्हाच उतरून, एकमेकांची टिंगल करत नळाकडे गेले होते. डेपोच्या मागच्या भिंतीला लागून पाच सायकली ओळीने उभ्या केल्या होत्या. मागची चाकं स्टँडवर उचललेली, म्हणजे पायडल कितीही मारा, तुम्ही जागच्या जागी. त्यांच्यावर ड्रायव्हर बसवायचे आणि हातभर अंतरावरून रिकामी बस जोरात न्यायची, असा तो कार्यक्रम होता. सायकलवाल्याला आपली गाडी कशी वाटते ते ड्रायव्हरला कळावं म्हणून. बस शेवटची बाजूने जाऊन पाच मिनिटं झाली तरी अण्णा हँडल घट्ट धरून, समोर बघत पायडल मारत होते.

"अण्णा, तिच्यावरूनच घरी जायचा विचार आहे का?" मी म्हटलं. नळाजवळचे हसले. अण्णा हसले नाहीत.

"मास्तर, गाडी अजून एकदा जाऊ दे म्हणावं," ते म्हणाले.

गाडी अजून एकदा गेली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतलेले मी पाहिले.

मी कंडक्टर. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यात शिक्षणाचा काही संबंध नाही. अण्णांची आणि माझी जोडी तेवीस वर्षांची. ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाने दोनतीनदा आम्हाला वेगळं करून पाहिलं, पण अण्णांबरोबर दुसऱ्या कुणाचं जमेना, कारण अण्णा बोलत नाहीत; आणि माझं दुसऱ्या कुणाबरोबर जमेना, कारण मी गप्प बसत नाही. डेपोत आम्हाला नवरा-बायको म्हणतात. त्यात नवरा कोण यावर अजून एकमत झालेलं नाही.

अण्णांची बायको चौदा वर्षांपूर्वी गेली. मुलगी लग्न होऊन लांब गेली, महिन्यातून एकदा फोन करते आणि जेवलात का विचारते. छापखान्याच्या मागे त्यांची एक खोली आहे. खोलीत एक कॉट, एक रेडिओ, एक खुर्ची आणि दोन कप. दुसरा कप माझ्यासाठी, पण मी वर्षातून फार तर दोनदा जायचो. माझ्या घरी बायको, आई, दोन मुली, सारखा गोंधळ. माणूस घरचं सोडून दुसरीकडे गप्प बसायला कशाला जाईल? दिवसभर गाडीत अण्णांच्या पाठीमागे साठ-सत्तर माणसं असायची आणि त्यातलं एकही त्यांच्याशी बोलत नसे. संध्याकाळी तीही उतरून जायची.

त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. डेपोच्या फाटकाशी एक फलक आहे, त्यावर विनाअपघात सेवा करणाऱ्यांची नावं लिहितात. एकतीस वर्षं, म्हणून सगळ्यात वर अण्णा. पेंटर दरवर्षी आकडा बदलायला आला की अण्णा काहीतरी निमित्त काढून तिथे उभे राहत. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि निवृत्तीच्या दिवशी डेपोचे साहेब त्यांना बिल्ला लावणार होते.

आता हा कार्यक्रम ठेवणाऱ्या सायकलवाल्यांचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी ही जेमतेम सात माणसं होती आणि आम्ही त्यांना भरपूर हसलो आहोत. त्यांची पुढारी एक दातांची डॉक्टर. रविवारी ही मंडळी टेप घेऊन रस्ते मोजायची, खड्ड्यांभोवती खडूने गोल काढायची, नगरपालिकेत अर्ज घेऊन बसायची. बाई दवाखान्यात आलेल्या रोग्याचं तोंड उघडं असतानाच त्याला सायकलचं महत्त्व सांगते, असं आमच्यात म्हणायचे. पण चिकाटी दांडगी. वाचनालयापाशी सायकली लावायला लोखंडी कठडे आले. नदीकाठचा रस्ता रविवारी सकाळी गाड्यांना बंद झाला. शेवटी कारखान्याच्या रस्त्यापासून बाजारापर्यंत पांढरा पट्टा आखला गेला, पट्ट्याच्या आतला भाग सायकलींचा. त्या पट्ट्यात सगळ्यात जास्त घुसायच्या आमच्या बस. दुसरं कुणी असतं तर आमच्यावर तक्रारी ठोकल्या असत्या. बाई साहेबांकडे आली आणि म्हणाली, मला तुमचे ड्रायव्हर अर्धा दिवस द्या.

सायकलींच्या इतक्या जवळून बस न्यायला पक्का हात हवा, म्हणून सकाळभर गाडी अण्णांनीच चालवली. वीतभरही इकडेतिकडे नाही. बाई खूश झाली. तिने तिथल्या तिथे ठरवलं की सगळ्या बसच्या पाठीवर अण्णांचा फोटो लावायचा आणि खाली लिहायचं, एकतीस वर्षं, एकही अपघात नाही, मी सायकलला जागा देतो. त्यावर अण्णा म्हणाले, फोटो काढण्याआधी मलाही एकदा बसू द्या. दुसऱ्याने गाडी घेतली, अण्णा बसले आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

मग मी तिघांसाठी चहा घेऊन विश्रांतीच्या खोलीत गेलो. फोटोवाला बाहेर थांबला होता. अण्णा बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून; समोर डॉक्टरबाई.

"फोटो नको, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "ते एकतीस वर्षांचं खरं नाही."

बाईने कप हातात घेतला तो तसाच धरून ठेवला. अण्णांनी सांगायला सुरुवात केली. तेवीस वर्षांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी, कारखान्याच्या रस्त्यावर, संध्याकाळची फेरी. गाडी खच्चून भरलेली आणि आठ मिनिटं उशीर झालेला. पुढे एक सायकलवाला, मागे पोतं बांधलेलं. त्याला ओलांडताना मागच्या बाजूला टक् असा आवाज झाला, काचेवर नख वाजावं एवढाच. त्यांनी गाडी हळू केली. आरशात तो माणूस रस्त्यावर बसलेला दिसला. आणि मग त्यांनी गाडी पुढे नेली.

"मला वाटायचं, नुसता धक्का लागला असेल, त्यात काय," अण्णा म्हणाले. "आज कळलं. गाडी अंगाला लागायच्या आधीच माणूस अर्धा मेलेला असतो."

"पण काका, तो उठला असेल ना?" बाईने हळूच विचारलं.

"मी बसलेला पाहिला. उठलेला पाहिला नाही. उठला, असं मीच मला सांगत आलोय."

हे सांगताना ते चुकूनही माझ्याकडे बघत नव्हते. कारण त्या दिवशी कंडक्टर मीच होतो.

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गाडी हळू झाली तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "अहो, कुणीतरी पडलं." मी मागच्या काचेतून पाहिलं. सायकल आडवी पडली होती, पोतं फुटलं होतं आणि एक माणूस डोक्याला हात लावून बसला होता. गाडीत लोक उशिराबद्दल माझ्या नावाने शंख करत होते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी दोन मारल्या. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्यावर अण्णा मागे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी विचारलं, "मास्तर, उठला ना तो?" आणि मी म्हटलं, "उठला की. कपडे झटकून गेलासुद्धा. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

एवढं साधं बोललो होतो. माणूस घाबरलेला आहे, त्याला धीर द्यावा, म्हणून. निदान मी स्वतःची अशी समजूत घातली.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी जबाब दिला. साहेबांनी जुन्या नोंदी चाळायला लावल्या. काही सापडलं नाही, ना तक्रार, ना कुणाचा अर्ज. साहेब त्यांना म्हणाले, नोंदच नाही तर अपघातही नाही, कागद परत घ्या आणि सुखाने घरी जा. अण्णांनी घेतला नाही. मग साहेबांचाही नाइलाज झाला. कागद कपाटात गेला आणि बिल्ला रद्द झाला. पेंटर आला आणि फलकावरची सगळ्यात वरची ओळ त्याने पुसून काढली. त्या वेळी मात्र अण्णा तिथे उभे राहिले नाहीत.

तो जबाब मी कारकुनाकडून घेऊन वाचला. स्वच्छ अक्षरात एक पान. शेवटून दुसरं वाक्य असं होतं: कंडक्टर त्या वेळी तिकिटे काढत होते, त्यांना यातले काहीही माहीत नव्हते. अख्ख्या पानात तेवढं एकच खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. मी कागद परत दिला आणि कारकुनाला म्हटलं, अक्षर छान आहे नाही अण्णांचं.

ड्रायव्हर लोक बिथरले. हा म्हातारा जाता जाता आमच्यावर बालंट आणून जाणार, आता प्रत्येकाच्या मागची वीस वर्षं उकरतील, असं बोलणं सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत अण्णा बाकावर बसले की बाकीचे डबे घेऊन उठत. मीही दोनदा उठलो. तिसऱ्या दिवसापासून अण्णाच गाडीत बसून जेवायला लागले, स्टिअरिंगवर वर्तमानपत्र पसरून. सायकलवाली बाई तेवढी येऊन भेटली. तिने विचारलं, काका, फोटो राहू दे, पण बाकीच्या डेपोंत कार्यक्रम होईल तेव्हा गाडी चालवायला याल का, आणि मला सांगितलंत ते त्यांनाही सांगाल का. अण्णा येतो म्हणाले.

त्या दिवसांत त्यांची गाडी चालवायची तऱ्हा बदलली. पुढे सायकल असली आणि बाजूला पुरेशी जागा नसली की ते ओलांडत नसत. मागे राहत, सायकलच्या वेगाने, हॉर्नसुद्धा न वाजवता. बाजाराच्या अरुंद रस्त्यावर एकदा भाजीवाल्या बाईच्या सायकलमागे आम्ही सबंध अकरा मिनिटं सरकत होतो. लोक माझ्यावर खेकसले, ड्रायव्हरला सांगा, आम्हाला कामधंदे आहेत. मी आपला तिकिटं काढत राहिलो.

शेवटच्या दिवशी पाच वाजता आमची फेरी संपली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून अण्णांशी हात मिळवला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, दोन वाक्यं बोलले. टाळ्या वाजवायला कारकून, शिपाई आणि मी. मुलीला यायला जमलं नव्हतं. मग अण्णा पुन्हा गाडीत आले, आपली पाण्याची बाटली आणि पुसायचं फडकं घ्यायला. मी मागे हिशेबाचा कागद भरत होतो. ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले नाहीत, मधून चालत माझ्यापर्यंत आले आणि समोरच्या बाकावर, प्रवाशाच्या जागेवर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्यावर काही येणार नाही. मी लिहून दिलंय. पण मला एक खरं सांगा. उठला होता का तो?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. एकोणीस वर्षं ते तयारच होतं. ते दिलं असतं तर अण्णांनी मान डोलावली असती आणि निदान तेवढा आधार घेऊन खोलीवर गेले असते. पण ते माझ्याकडे असे बघत होते की ते उत्तर मला देववेना. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द शोधावे लागले.

"उठलेला मी पाहिलाच नाही, अण्णा," मी म्हटलं. "दोन घंट्या मारल्या आणि पुढे वळलो. परत मागे बघायची हिंमत नाही झाली. तुम्हाला जे सांगितलं ते बनवून सांगितलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धुवायला आलेला माणूस पाण्याचा पाइप ओढत शेजारच्या गाडीपाशी गेला.

"बरं झालं सांगितलंत," अण्णा म्हणाले. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे आधारासाठी ठेवला असेल. मग घड्याळाचं खोकं काखेत मारून ते उतरले.

मी दारात उभा राहून बघत होतो. फाटकातून बाहेर पडलं की छापखाना, त्यांची खोली, सगळं उजवीकडे. अण्णा फाटकात जरा थांबले आणि डावीकडे वळले. कारखान्याच्या रस्त्याला लागले. रस्त्याच्या अगदी कडेने, पांढऱ्या पट्ट्यातल्या सायकलींना जागा सोडून ते सावकाश चालत होते. पुढे वळणाजवळ एक पंक्चरचं दुकान आहे, जुनं. तिथे थांबून त्यांनी दुकानदाराला काहीतरी विचारलं. दुकानदाराने मान हलवली, नाही म्हणून. अण्णा पुढच्या दुकानाकडे गेले.

एकोणीस वर्षांपूर्वी इथे कुणी पडलं होतं का, हे ते विचारत असणार, मला न ऐकताही कळत होतं. मी जायला हवं होतं. तो माणूस कसा दिसत होता, पोत्यात काय होतं, सायकलचा रंग कोणता, हे अण्णांपेक्षा मला जास्त माहीत होतं. मी दाराचा दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला.

तेवढ्यात नवा ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू केलं आणि म्हणाला, "मास्तर, सव्वापाचची फेरी आहे ना आपली? आधीच तीन मिनिटं उशीर झालाय."

मी पाय आत घेतला आणि तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवलं.