माझा श्वास कुठे अडला होता

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. गाडीचा रंग सगळ्यांना दिसतो, काचा दिसतात; आमचा जन्म मात्र झाकणाखालीच जातो. बाहेर काय चाललंय ते मला बहुतेक ऐकूनच कळतं. तरी माझी हकीकत ऐका, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझं ओतीव लोखंडाचं अंग घासूनपुसून तयार झालं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तपासणारा माणूस बराच वेळ कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, हे खूप वर्षं चालेल. मला राखाडी गाडीत बसवलं. ती गाडी घेतली एका जमीन मोजणाऱ्या गृहस्थांनी. आज त्यांना सगळे आजोबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मोजणीचं सामान मागे टाकून ते रानोमाळ हिंडायचे, सुट्टीच्या दिवशी शेजारी आजी असायच्या. अवघड चढ संपला की आजोबा माझ्यावरच्या झाकणाला थाप मारून म्हणायचे, "शाब्बास गड्या." त्या थापेसाठी मी कितीही चढ चढलो असतो.

मग आजोबा निवृत्त झाले आणि आजी विसरू लागल्या. आधी वाटा, मग दिवस, मग पोटच्या मुलाचं नाव. संध्याकाळ झाली की त्या दाराची कडी हलवत बसायच्या. स्वतःच्याच घरात उभ्या राहून म्हणायच्या, "मला घरी जायचंय." समजावून काही उपयोग नसे. पण गाडीत बसवलं आणि चाकं फिरू लागली की त्या शांत व्हायच्या, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या. म्हणून आजोबा रोज संध्याकाळी त्यांना तळ्याला वळसा घालून आणत. दोघांना मोकळी हवा मिळायची ती तेवढीच.

माझं दुखणं त्याच काळात वाढलं. माझ्यात इंधन जळतं तेव्हा थोडा धूर दट्ट्यांच्या, म्हणजे पिस्टनच्या, कडेने निसटून माझ्या पोटात उतरतो. पोटात तेल असतं. त्या धुराला बाहेर पडायला एक वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेवर ब्रीदर फिल्टर असतो. तो धुरातलं तेल गाळून परत पोटात सोडतो आणि हवा पुढे जाऊ देतो. माझ्या फिल्टरमध्ये लोकरीसारखी जाड गुंडाळी होती. ती अधूनमधून बदलावी लागते. आजोबांना तेव्हा स्वतःचं जेवण आठवत नसे, तिथे माझी गुंडाळी कुठून आठवणार? ती तेलाने चिंब झाली, काळी पडली, शेवटी दगडासारखी घट्ट झाली.

मित्रांनो, कोंडणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकलो. धूर आत येतच राहिला आणि बाहेर जायची वाट बंद. पोट फुगायचं, सांधे ताणले जायचे. मला ओरडता येत नव्हतं. सांध्यावरच्या एका रबरी सीलमधून तेल पाझरू लागलं. मेकॅनिकने सील बदललं, तर तेल दुसरीकडून झिरपू लागलं. तो म्हणाला, इंजिन थकलंय.

एका संध्याकाळी पुलावर माझ्यातून निळा धूर लोटला. आजोबांनी घाबरून मला बंद केलं. गाडी थांबली तशा आजी दार उघडायला धडपडू लागल्या. मागून गाड्या सुसाट येत होत्या. आजोबांनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. आजी रडू लागल्या. थोड्या वेळाने आजोबांनाही रडू फुटलं.

त्यानंतर मुलाने किल्ली आपल्याकडे घेतली. ही गाडी आता भंगारात, असं तो बायकोला म्हणाल्याचं मी ऐकलं. अंगणात माझ्यावर ताडपत्री पडली. आत अंधार आणि पोटात तोच शिळा धूर.

पण संध्याकाळ काही थांबत नाही. आजी कडी हलवायच्या आणि आजोबा ताडपत्रीचं टोक उचलून त्यांना उभ्या गाडीत आणून बसवायचे.

"चला ना, निघू या," आजी म्हणायच्या.

"निघू."

"कधी?"

"आत्ता."

असं किती संध्याकाळी चाललं, कोण जाणे. एकदा मुलगा आईची शाल घेऊन आला आणि गाडीमागे उभा राहून सगळं ऐकत राहिला. मग त्याने हळूच दार उघडलं. आजोबांनी मान वळवली नाही. ते म्हणाले, "मला कोंडल्यासारखं होतंय रे. हिला सांगून कळायचं नाही, आणि तुला सांगवत नाही."

मुलाने आईच्या खांद्यावर शाल टाकली. दुसऱ्या दिवशी तो मेकॅनिकला घरीच घेऊन आला.

मेकॅनिकने मला सुरू करून तेलाचं झाकण सैल केलं, तसं ते थडथड नाचू लागलं आणि त्याच्या तोंडावर धूर आला. तो खोकला, मग चक्क हसला. मागच्या वेळी हे बघायला हवं होतं, असं स्वतःहून म्हणाला. त्याने माझ्यावरचा फिल्टरचा डबा उघडून ती काळी गुंडाळी ओढून काढली.

"दाब आत कोंडलाय," तो म्हणाला. "मी नुसती सीलं बदलत बसलो. वाट मोकळी केल्याशिवाय हे थांबायचं नाही."

जुन्या जागी त्याने सुधारित फिल्टर बसवला. यात गुंडाळीच नाही; आत येणारी हवा गरगर फिरते आणि तेलाचे थेंब कडेला उडून खाली उतरतात. नवी रबरी कडी घातली, डब्याचं झाकण आवळलं, पाझरणारं सील बदललं आणि मला चालू केलं. मित्रांनो, ते कसं सांगू? माझ्या पोटातली हवा सळसळत निघून गेली. मेकॅनिकने तेलाचं झाकण पुन्हा सैल करून पाहिलं, या वेळी ते जागच्या जागी राहिलं.

आजोबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मुलाने ती दिली नाही.

"बाबा, आज मी नेतो आईला."

"ती तुझ्याबरोबर बसायची नाही. ती तुला ओळखत नाही."

"नसू दे. पाट्या तर वाचेल."

आजी बसल्या. वळणापर्यंत त्या मागे बघत होत्या, नंतर त्यांनी पहिली पाटी वाचली. मुलाने दुसरी वाचली. तळ्याला आम्ही दोन वळसे घातले. माझ्या खाली तेलाचा एक थेंब पडला नाही.

परत आलो तेव्हा मुलाने मला फाटकाबाहेरच बंद केलं. एरवी मी थेट अंगणात जातो. तो आईच्या कानाशी हळू म्हणाला, "बाबा पायरीवरच झोपलेत. आपण जरा इथेच बसू."

ते दोघं बसून राहिले. आजींनी दार उघडायची धडपड केली नाही. मी हळूहळू थंड होत होतो आणि ऐकत होतो. आजोबा घोरत होते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतून तेल गळू लागलं तर ते नुसतं पुसून टाकू नका; तिच्या ब्रीदर फिल्टरची चौकशी करा. आणि घरात कोणी रोज एकट्याने सगळं ओढत असेल, वर 'माझं बरं चाललंय' म्हणत असेल, तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. एखादी संध्याकाळ त्याचं काम आपल्याकडे घ्या. माझ्यासारखीच काही माणसंही ओरडत नाहीत.