खचमाळ

वैशाखअखेरची सांज. ताम्रवर्णी, तप्त, निःशब्द. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उन्हाची शेवटची तिरीप रेंगाळत होती, आणि त्या तिरिपेत माथ्यावरची एक भेग काळीकुट्ट दिसत होती. बोटभर रुंद, दीडशे पावलं लांब. तिच्यात वारा शिरे आणि हलकेच हुंकारे. खाली, डोंगराच्या कुशीत, गोरिवलेवाडीच्या एकतीस चुली पेटत होत्या. त्यांचा निळसर धूर उतारावरून वर चढत होता, त्या भेगेकडे.

घाटापलीकडच्या शहरात, विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात, वैजयंती मोघे त्याच भेगेविषयी वाचत होत्या. बावीस वर्षं त्या इथे संपादक होत्या. हस्तलिखित आलं की दोन अनाम परीक्षकांकडे जाई, त्यांचे आक्षेप लेखकाकडे जात, मग टीप अन् टीप, तक्ता अन् तक्ता पडताळून वैजयंतीबाई ग्रंथ छपाईला सोडत. संथ, सोशिक, निष्ठुर काम. त्या संथपणावर त्यांची श्रद्धा होती.

हे हस्तलिखित भूशास्त्राचे प्राध्यापक डॉ. हुसेन परकार यांचं. पाचव्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं की हा उतार अतिवृष्टीत ढासळेल आणि पायथ्याची वाडी त्याखाली जाईल. पहिल्या परीक्षकाने मान्यता दिली. दुसऱ्याने लिहिलं, "पुरावा अपुरा. आणखी दोन पावसाळ्यांची मोजमापं जोडावीत."

"दोन पावसाळे!" वैजयंतीबाईंच्या टेबलासमोर बसलेले परकार म्हणाले. "मॅडम, डोंगर थांबेल का तेवढा?"

विभागाचे संचालक दाबके खिडकीबाहेर पाहत होते. "विद्यापीठाचं नाव लागतं सर पुस्तकावर. आज पुराव्याशिवाय गावाला भीती घातली, तर उद्या आपल्या खऱ्या शब्दावरही कोणी विसंबणार नाही."

वैजयंतीबाईंना दोघांचंही पटत होतं.

बाहेर गुलमोहर रक्तासारखा फुलला होता.

त्या पुन्हा पानांकडे वळल्या. आणि त्यांना एक विसंगती दिसली, अगदी बारीक, मुंगीएवढी. नकाशावर त्या उताराचं नाव होतं 'कचमाळ'. पाचव्या प्रकरणात, एकाच ठिकाणी, 'खचमाळ'. क की ख? परकारांना विचारलं, तर तेही गोंधळले. जुन्या सरकारी नकाशात क होता, त्यांच्या कानांनी ख ऐकला होता.

असल्या शंकेसाठी कोणी घाट उतरत नाही. वैजयंतीबाई उतरल्या.

वाडीच्या विहिरीवर मथुराबाई गोरिवले हंडा भरत होत्या. साठी उलटलेली, काटक, काळ्या पाषाणात कोरल्यासारखी बाई. प्रश्न ऐकून त्यांनी हंडा खाली ठेवला.

"क न्हाय बाय, ख. खचलेला माळ तो. म्हनून खचमाळ."

"कधी खचला, मावशी?"

"माज्या आजेसासूनं डोल्यांनी बगितलेला. सात घरा गिळलान त्यानं. त्या अंगाला आमी दिवा लावत न्हाय, पोराचं नाव घेऊन हाक मारत न्हाय. डोंगर ऐकतो."

रणरणत्या दुपारी वैजयंतीबाईंनी वर पाहिलं. समोरचा उतार हिरवा-पिवळा, शांत, निरागस दिसत होता. झोपलेलं श्वापद दिसतं तसा.

तीन दिवस त्या वाडीत राहिल्या. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं, उतरवून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठे घेतले. परकारांनी सांगितलेल्या जागी खणलं, तेव्हा चार हातांवर राख लागली. राखेत एक जातं होतं, तडकलेलं.

ते सारं टिपण दुसऱ्या परीक्षकाकडे गेलं. ज्याचं नाव लेखकाला कधीच कळणार नव्हतं, त्या माणसाचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. "माझा आक्षेप मी मागे घेतो. ग्रंथ सावकाश होऊ द्या. हे प्रकरण आणि नकाशा आधी छापा."

दाबक्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मंजुरीची सही केली.

आषाढ लागला. आभाळ शिसवी झालं, कृष्णमेघांचे कळप घाटमाथ्यावर येऊन थबकले. छपाईयंत्र दिवसभर धडधडत राहिलं. ओल्या शाईच्या वासाच्या दोनशे पुस्तिका घेऊन वैजयंतीबाई आणि परकार वाडीत पोचले, तेव्हा भेग हातभर रुंद झाली होती.

मथुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नकाशावर तळवा ठेवला, आपल्या घराच्या ठिपक्यावर.

"आमी तोंडानं सांगत व्हतो तवा ती गोष्ट व्हती," त्या म्हणाल्या. "तुमी छापलात, तवा ती खरी झाली व्हय?"

 वैजयंतीबाईंनी मान खाली घातली.

पण तीच पुस्तिका तहसीलदारांच्या टेबलावर गेली, आणि पलीकडच्या टेकाडावरची शाळा वाडीसाठी उघडली गेली. माणसं निघाली. गाठोडी, कोंबड्या, देव्हाऱ्यातले टाक, पाळण्यातली लेकरं; चिखलातून, धुक्यातून, मागे वळून पाहत. मथुराबाईंचा धाकटा दीर शिवराम तेवढा उंबऱ्यावरच बसून राहिला. "कागदानं कदी डोंगर पडतो काय?" तो हसला. "माजी बैलां शाळंत बांदू? तू जा वयनी."

श्रावणात, सलग पाच दिवस कोसळून, पाऊस अचानक थांबला. ऊन पडलं. कोवळं, सोनेरी, फसवं ऊन. पाखरं गप्प होती. विहिरीचं पाणी तांबडं झालं होतं.

दुपारी डोंगर चालू लागला.

आधी झाडं चालली, उभीच्या उभी. मग माती, मग पाषाण, मग सारा माळ एक दीर्घ, गंभीर उसासा टाकून खाली आला. शाळेच्या अंगणात एकशे चाळीस माणसं उभी राहून बघत होती. कोणी रडलं नाही. धूळ बसल्यावर मथुराबाईंनी एकदाच हाक मारली, "शिवरामाऽ!" दरीने ती हाक घेतली आणि परत दिली नाही.

आश्विनात ग्रंथाचं शेवटचं प्रूफ वैजयंतीबाईंच्या टेबलावर आलं. पाचव्या प्रकरणात वाक्य होतं, "उताराच्या पायथ्याशी गोरिवलेवाडी वसलेली आहे." त्यांनी लाल पेन उचललं. 'आहे' खोडलं. समासात 'होती' लिहिलं. 

तिकडे, घाटाखाली, वाळत चाललेल्या तांबड्या चिखलावर पांढरे बगळे उतरले होते. एक पाऊल टाकत, थांबत. पुन्हा एक पाऊल टाकत, थांबत.